कारण अज्ञात का?

एसटी स्थानकात चौकशीच्या खिडकीशेजारी ती चिकटवलेली असते. कागद उन्हाने पिवळा पडलेला, एक कोपरा सुटून फडफडणारा. वर ठळक अक्षरांत 'शोधपत्रिका', खाली शाळेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला धुरकट फोटो, आणि मग वर्षानुवर्षे न बदललेले वर्णन: वय १४ वर्षे, रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, केस काळे, अंगात निळा शर्ट, पायात चप्पल, भाषा मराठी व हिंदी. शेवटी पोलीस ठाण्याचा फोन नंबर. ठाण्यात जाऊन त्याच मुलाचा गुन्हा उघडून पाहा. तिथे मजकूर जरा मोठा असतो, पण त्याचा कणा एकाच वाक्याचा: अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत साचा हाच. इसम अज्ञात, कारण अज्ञात. तक्रारीच्या दिवशी ते अज्ञात असणारच, त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. पण मूल परत येते, घरी जाते, पुन्हा शाळेत बसू लागते, आणि तरीही कारण अज्ञातच राहते. कारण ते कुणी विचारलेलेच नसते. सरकारवर, पोलीस खात्यावर, विद्यापीठांवर आणि आम्हा वृत्तपत्रांवरही आमचा आजचा आरोप आहे तो हा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ८३,३५० मुले हरवल्याची नोंद झाली. त्यांत ६२,९४६ मुली. म्हणजे दर चारांत तीन मुली. त्याच वर्षी, आधीच्या वर्षांची धरून, ८०,५६१ मुले सापडली. हा दुसरा आकडा पुढे केला की अधिकारी निःश्वास सोडतात, सभागृहातला प्रश्न संपतो आणि बातमी आतल्या पानावर जाते. मूल सापडले याचा आनंद कुणाला होणार नाही? पण ८०,५६१ मुले परत आली, याचा अर्थ ८०,५६१ उत्तरे परत आली. ती उत्तरे कुठे ठेवली आहेत, ते आम्हाला कुणी दाखवील काय?

पोलिसांच्या बोलीत या टप्प्यासाठी एक शब्द आहे: निर्गती. मूल मिळाले, जबाब झाला, वैद्यकीय तपासणी झाली, पालकांच्या ताब्यात दिले, मिसिंगची निर्गती झाली. जबाब होतो तो गुन्हा उभा करण्यापुरता. कुणी नेले, कुठे ठेवले, कुणी हात लावला का. यातले काही नाही म्हटले की कागद पुढे सरकतो. घरी रोज पट्ट्याने मार बसत होता, नववीत नापास झाल्यावर बापाने पुस्तके जाळली, चुलत्याची नजर वाईट होती, लग्न ठरवले होते, भूक होती, यासाठी त्या छापील कागदावर रकाना नाही. म्हणून ज्या घरातून ते मूल निघाले त्याच घरात, त्याच माणसांच्या हवाली ते परत जाते. दोन महिन्यांनी ते पुन्हा निघाले तर पुन्हा नवी नोंद, नवी शोधपत्रिका, पुन्हा निळा शर्ट आणि पायात चप्पल. बाल न्याय कायद्यात बाल कल्याण समिती आहे, सामाजिक तपासणी अहवालाची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांना एवढे कळले होते की मुलाच्या घरापर्यंत जाऊन पाहिले पाहिजे. पण ज्या मुलाला पालक घ्यायला आले ते मूल सुखरूप, अशी आपली सगळ्यांची समजूत, आणि त्या समजुतीपुढे कायद्याचे कलम टिकत नाही.

मुली चारांत तीन का, याचे उत्तर सुद्धा अज्ञात नाही. ते गोळा केलेले नाही, एवढेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात एकही सभा सुरू होत नाही, त्या राज्यातली ही गत. बोहल्यावरून पळालेली पंधरा वर्षांची मुलगी कागदोपत्री काय असते? हरवलेली. आवडत्या मुलाबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी? तीही हरवलेली. दलालाने कामाचे आमिष दाखवून परराज्यात विकलेली? तीही हरवलेली. तिघींच्या कागदावर तेच वाक्य, अज्ञात इसम आणि अज्ञात कारण. एनफोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांतले २०१६ ते २०२० या काळातील पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचे ७,०६४ निकाल तपासले. त्यांतली १,७१५ प्रकरणे प्रेमसंबंधांची निघाली, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. अशा खटल्यांची सुरुवात पुष्कळदा मुलगी हरवल्याच्या तक्रारीनेच होते. हा अभ्यास न्यायालयाचे निकाल वाचून झाला. ठाण्यातल्या फायली वाचून असा अभ्यास करायला आजवर सगळ्यांनी हात का आखडला?

या अज्ञानाची किंमत कोण मोजते ते पाहा. सगळ्या मुली एकाच गोणीत भरल्या की शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला एक तयार वाक्य मिळते: 'पळून गेली असेल, येईल दोन दिवसांत.' विकल्या गेलेल्या मुलीच्या आईलाही हेच ऐकावे लागते. नोएडातल्या निठारीत पोट भरायला आलेल्या मजूर कुटुंबांची लेकरे एकामागून एक नाहीशी होत होती, आणि तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना असेच परत पाठवले जात होते. २००६ च्या डिसेंबरअखेर एका बंगल्यामागच्या नाल्यातून मुलांच्या हाडांचे अवशेष निघाले, तेव्हा देश हादरला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००७ मध्ये हरवलेल्या मुलांसाठी समिती नेमली. आणि शेवट काय झाला? २०२३ च्या ऑक्टोबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासाच्या बेपर्वाईवर कठोर ताशेरे ओढले आणि समोरच्या खटल्यांतून आरोपींना निर्दोष सोडले. ती मुले कुणी मारली, हे आज कुठल्याही न्यायालयाच्या कागदावर सिद्ध नाही. पहिल्या दिवशी न घेतलेली तक्रार सतरा वर्षांनी अशी उभी राहते.

निठारी घडण्याच्या आधीच या देशाला सावध करणारे संशोधन झालेले होते, हे ध्यानात घ्या. मानवी हक्क आयोगासाठी दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने २००२-०३ मध्ये स्त्रिया व मुलांच्या अनैतिक व्यापाराचा देशव्यापी अभ्यास केला. पी. एम. नायर हे पोलीस अधिकारी त्याचे प्रमुख संशोधक होते. देशात दर वर्षी सरासरी ४४ हजार मुले हरवल्याची नोंद होते आणि त्यांतल्या सुमारे ११ हजारांचा ठावठिकाणा लागत नाही, हे त्यातून पुढे आले. हरवलेली मुले आणि विकलेली मुले या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका, त्या दोन फायली शेजारी ठेवून वाचा, असे तो अभ्यास २००५ मध्ये सांगत होता. तो वाचला कुणी? सर्वोच्च न्यायालयाला १० मे २०१३ रोजी, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, हुकूमच काढावा लागला: मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून दाखल करा, आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा विक्रीच आहे असे समजा. आठ वर्षे. त्या इशाऱ्यापासून हुकमापर्यंत आठ वर्षे, आणि मध्ये निठारी.

तो हुकूम झाल्यामुळे निदान गुन्हा नोंदवला जाऊ लागला. पण 'चोवीस तास थांबा, नातेवाइकांकडे बघा' हा सल्ला आजही ठाण्याच्या पायरीवर ऐकू येतो. हे चोवीस तास कुठल्या कायद्यात लिहिले आहेत? कुठल्याच नाही. उलट अभ्यास काय सांगतो ते ऐका. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने, पळवून नेऊन मारल्या गेलेल्या मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा मुलांपैकी ७४ टक्के मुले पळवल्यापासून तीन तासांच्या आत मारली गेली होती. आणि निम्म्याहून अधिक प्रकरणांत मूल दिसत नाही हे कळल्यापासून पोलिसांना सांगेपर्यंतच दोन तासांहून अधिक वेळ गेला होता. देश वेगळा, समाज वेगळा, हे खरे. पण आपल्याकडच्या मुलांचे तास कुणी मोजलेच नसतील, तर आपला चोवीस तासांचा सल्ला कुठल्या आधारावर उभा आहे? ज्या थोड्या मुलांचा जीव खरोखर टांगणीला लागलेला असतो, त्यांच्यासाठी घड्याळाचा प्रत्येक ठोका महत्त्वाचा असतो. आणि ती थोडी मुले बाकीच्यांतून ओळखायची कशी, हे शिकवणारे शास्त्र आपण पेरलेच नाही.

जिथे ज्ञान पेरले जात नाही तिथे भीती उगवते. धुळे जिल्ह्यात ती कशी उगवली ते पाहण्याआधी आपल्या घरात डोकावा.

मराठी घरात मूल जेवेना झाले की आई काय म्हणते? 'खा पटकन, नाहीतर तो झोळीवाला बुवा येईल आणि घेऊन जाईल.' मूल ऐकेना झाले की? 'पोलिसाला बोलावू का?' या दोन वाक्यांवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. दोन्हींत केवढे विष आहे! पहिल्या वाक्याने भिक्षा मागणारा प्रत्येक फाटका माणूस मुले पळवणारा ठरला. दुसऱ्याने, रस्ता चुकलेल्या मुलाने ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याचेच त्याला भय घातले. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरलेली होतीच. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. पाच माणसे. सरकारी कार्यालयात. आजूबाजूला मोबाइलवर चित्रण करणारे हात. लहानपणीचा झोळीवाला बुवा त्या दिवशी त्या गर्दीला खरा वाटला.

त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत आठवा. दुचाकीवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतून एकाला उचलतात आणि पसार होतात. ती चित्रफीत कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने बनवली होती, आईबापांनी मुलांकडे लक्ष द्यावे म्हणून. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मूल खाली सोडतात आणि जागृतीचा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला, आणि हरवलेल्या मुलांच्या काळजीपोटी केलेली गोष्ट निरपराधांच्या जिवावर उठली. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेने मारले गेले. तेव्हा त्यावर राजकारण पेटले, धर्माचे झेंडे निघाले. मूल पळवले जाण्याच्या भीतीचा अभ्यास करा, असे मात्र एकाही पक्षाला सुचले नाही.

आणि खरी मुले पळवणारी माणसे कशी होती? याच महाराष्ट्रात १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी तेरा लेकरे पळवली, त्यांतल्या काहींचा खून केला. त्यांच्या खांद्यावर झोळी नव्हती, अंगावर भगवे नव्हते. चारचौघींसारख्या बायका, कडेवर मूल. कडेवरच्या मुलामुळेच त्यांच्यावर संशय येत नसे, आणि चोरी अंगाशी आली की त्या लेकराचाच ढालीसारखा उपयोग होई. मंदिर, जत्रा, एसटी स्थानक, रेल्वे फलाट: गरिबाचे मूल जिथे क्षणभर हात सोडते, तीच त्यांची ठिकाणे. त्या हरवलेल्या पोरांच्या तक्रारी निरनिराळ्या जिल्ह्यांत पडून होत्या, पण त्या शेजारी मांडून वाचायचे कुणाला सुचले नाही. टोळी उघडकीस आली ती घरच्या भाऊबंदकीतून झालेल्या एका तक्रारीने. कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. दयेच्या अर्जावरील दिरंगाईमुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. शिक्षेची चर्चा या महाराष्ट्रात पंचवीस वर्षे चालली. त्या फायली वेळेत का जुळल्या नाहीत, याची चर्चा पंचवीस मिनिटेही झाली नाही.

अनोळखी माणसाने उचलून नेणे हा प्रकार किती दुर्मीळ आहे, हे अमेरिकेने मोजून पाहिले. हरवलेल्या मुलांच्या त्यांच्या राष्ट्रीय पाहणीत १९९९ या वर्षासाठी नोंदवलेली मुले सुमारे आठ लाख, आणि सिनेमात दाखवतात तशी अपहरणे अंदाजे ११५. बाकीची बहुतेक घरातून निघून गेलेली, घरातून घालवलेली, आईबापांच्या भांडणात एकाने नेलेली, किंवा नुसता निरोप न पोहोचलेली. आपल्याकडे दारिद्र्य आहे, मुलांच्या विक्रीचा बाजार आहे, म्हणून हे प्रमाण इथे जसेच्या तसे लावता येणार नाही. पण आपले प्रमाण काय? तो तक्ता कुणी केला? देशाच्या गुन्ह्यांचा २०२३ चा अहवाल २०२५ च्या सप्टेंबरात हाती येतो. पोरगी आज हरवते आणि तिचा आकडा दोन वर्षांनी छापून येतो. या वेगाने कुठली प्रतिबंधक योजना आखणार?

कुणी म्हणेल, आता यंत्रे आली, चेहरे ओळखणारी संगणक प्रणाली आली, मग संशोधनाची गरज काय? २०१८ मध्ये दिल्लीत अशा प्रणालीने चार दिवसांत जवळपास तीन हजार मुलांची ओळख पटवल्याचा गाजावाजा झाला. दुसऱ्याच वर्षी उच्च न्यायालयात सांगावे लागले की ती प्रणाली धड मुलगा आणि मुलगी यांतला फरकही ओळखत नाही. यंत्र वापरा, जरूर वापरा. पण मुलाच्या मनात काय होते ते कॅमेरा सांगणार नाही.

चेहरे ओळखणाऱ्या यंत्राविना काय होऊ शकते, त्याचा दाखला मुंबईतच आहे. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातल्या एका सहायक उपनिरीक्षकाकडे काही वर्षांत १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. १६५ सापडल्या. एक राहिली: २०१३ च्या जानेवारीत शाळेत निघालेली सात वर्षांची मुलगी. अधिकारी निवृत्त झाला तरी तिचा फोटो त्याच्या खिशातून गेला नाही. ती सापडली २०२२ च्या ऑगस्टमध्ये, नऊ वर्षांनी. तिला नेणारे जोडपे स्वतःला मूल नव्हते म्हणून नेणारे. त्यांना मूल झाल्यावर हिच्या वाट्याला घरकाम आणि मार आला. त्या काळातला काही भाग ती आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होती. सुटका कशी झाली? तिला ज्या घरी कामाला धाडले होते, तिथेच कामाला येणाऱ्या एका बाईने तिचे ऐकून घेतले, मोबाइलवर तिचे नाव शोधले, जुनी शोधपत्रिका सापडली, आणि तिच्यावरच्या नंबरांपैकी एक अजून चालू होता. मुलीचे कुणीतरी ऐकून घेतले, एवढ्यावर सारे फिरले. ते करणारी बाई धुणीभांडी करणारी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीत बसणाऱ्यांनी आणि आम्हा शिकल्यासवरल्यांनी तिच्यापुढे मान खाली घालावी.

विद्यापीठाला हे जमत नाही असे नाही, हेच तर दुःख आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक कुठून आला? १९९६ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, जेरू बिलिमोरिया यांच्या कामातून. रेल्वे फलाटावरची पोरे रात्री-अपरात्री संकटात सापडत, तेव्हा त्यांना कुणाला फोन करता येईल, हा प्रश्न त्या पोरांशी बोलून सुटला. आधी ऐकले, मग योजना केली, म्हणून ती योजना देशभर उभी राहिली. त्याच महाराष्ट्रात आज समाजकार्याची महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. दर वर्षी शेकडो मुले एमएसडब्ल्यूच्या पदवीसाठी प्रबंध लिहितात. बचत गटांवर लिहून लिहून त्या विषयाचा चोथा झाला. यातल्या किती विद्यार्थ्यांना त्यांच्या गुरुजनांनी सांगितले, की जा, परत आलेल्या दहा मुलांच्या घरी जा, त्यांच्याशी बोल, आणि जे ऐकशील ते नाव न घेता लिहून आण?

इंग्लंडमध्ये २०१४ पासून सरकारी मार्गदर्शिकाच आहे: हरवून परत आलेल्या प्रत्येक मुलाला ७२ तासांच्या आत, पोलीस नसलेल्या आणि घरचाही नसलेल्या माणसापाशी मन मोकळे करण्याची संधी द्यायची. ती सगळ्या मुलांपर्यंत पोहोचत नाही अशी तिथल्या अभ्यासकांची तक्रार आहे. पण तक्रार करायला तरी नियम आहे. पोर्ट्समथ विद्यापीठात हरवलेल्या माणसांचा अभ्यास करणारे स्वतंत्र केंद्र २०१२ मध्ये उभे राहिले. आपल्याकडे एका महापुरुषाच्या नावाचे अध्यासन चालवायला पैसा निघतो आणि दुसऱ्याच्या नावाचे तयार असते. हरवलेल्या लेकरांसाठी एक खोली, दोन अभ्यासक आणि पोलीस महासंचालकांच्या सहीचे एक परवानगीपत्र मिळू नये?

प्रतिबंधाचेही तसेच. शाळेत वर्षातून एकदा एक फौजदार येतो, भाषण करतो, 'अनोळखी माणसाने चॉकलेट दिले तर घेऊ नका,' मुले एका सुरात 'हो' म्हणतात. या 'हो'ची किंमत वर्तनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून तपासून पाहिली आहे. नुसते ऐकवलेली मुले उत्तर बरोबर देतात आणि तरीही प्रसंगी अनोळखी माणसाबरोबर चालू लागतात. प्रसंग उभा करून, नाही म्हणायचे, मागे फिरायचे, मोठ्याला सांगायचे, असा सराव करून घेतलेली मुले प्रसंगी तसे वागण्याची शक्यता अधिक असते. आणि मुलाला इजा करणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतोच, तो काका असतो, शेजारी असतो, शिकवणीचा सर असतो. म्हणून शिकवायचे ते हे: कोण बोलावतो यापेक्षा, घरी न सांगता कुठे चल म्हणतो का, याकडे लक्ष दे. बालवाडीपासून हे खेळासारखे करून घेता येईल. खर्च शून्य. पण आधी झोळीवाला बुवा आणि पोलीसमामाची धमकी, ही दोन्ही भुते आपापल्या स्वयंपाकघरातून प्रत्येकाने बाहेर काढली पाहिजेत.

जी मुले येतच नाहीत, त्यांच्या घरांविषयी एक शब्द. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या पॉलिन बॉस यांनी या दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला. मेलेल्याचे दुःख कधीतरी ओसरते. ज्याचे काय झाले तेच कळत नाही त्याचे दुःख गोठून राहते. अशा घरात तेरावे होत नाही आणि दिवाळीही होत नाही. भाड्याची खोली सोडवत नाही, कारण पोर आले आणि दाराला कुलूप दिसले तर? रेशनकार्डावरचे नाव कमी करायला बाप तयार होत नाही. कायद्याला फक्त सात वर्षे कळतात, सात वर्षे बातमी नाही तर मृत समजा. त्या सात वर्षांत त्या आईला भेटायला सरकारी माणूस किती वेळा जातो, याचा हिशेब कुठल्या दप्तरात आहे?

आमचे मागणे मोठे नाही. परत आलेल्या प्रत्येक मुलाशी तीन दिवसांच्या आत, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याने एकांतात बोलावे. ते बोलणे आरोपपत्रासाठी नसावे, त्या मुलाच्या भल्यासाठी आणि पुढच्या मुलासाठी असावे. नावगाव झाकून त्या नोंदी विद्यापीठांना खुल्या कराव्यात आणि दर तिमाहीला जिल्ह्याचा तक्ता जाहीर व्हावा. अज्ञात कारण हा शब्दप्रयोग मूल सापडल्यावर कागदावर राहता कामा नये. चार महिने न सापडलेल्या मुलाची फाइल मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे गेलीच पाहिजे, तो कक्ष नावापुरता नसला पाहिजे. रुग्णालयातून बाळ चोरीला गेले तर आधी परवाना स्थगित करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. ते महाराष्ट्रात अमलात आणण्याची यंत्रणा कुठे आहे ते आरोग्य खात्याने सांगावे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची पर्वणी आहे, घाटांवर लाखोंची गर्दी लोटेल. हरवले-सापडले केंद्राच्या भोंग्यावर नावे पुकारून भागणार नाही. तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद ते का आणि कसे चुकले, यासह होऊ द्या. एवढी मोठी प्रयोगशाळा पुन्हा बारा वर्षे मिळायची नाही.

आणि विधिमंडळाच्या सभासदांना आमची विनंती आहे. येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना किती मुले हरवली, हे विचारू नका. ते उत्तर तयार असते. विचारायचे ते हे विचारा: गेल्या वर्षी परत आलेल्या मुलांपैकी किती जणांजवळ बसून कुणी विचारले, की बाळा, तू का गेला होतास? आणि त्यांनी काय सांगितले? त्याचे उत्तर लेखी मागा आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा.